धुरे तेवढेच, शेत निराळे

सोयाबीनची सोंगणी गुत्त्याने जाते, ट्रॅक्टरवाला नांगरटीचे पैसे एकरावर घेतो, बियाण्याचा हिशेबही एकरीच असतो. त्यामुळे सेनगाव तालुक्यातल्या साखरा शिवारात काय किंवा हिंगोली जिल्ह्यात इतरत्र काय, हंगामात एक प्रश्न ठरलेला: हा तुकडा नेमका किती? सातबाऱ्यावर गटातले क्षेत्र असते, त्यातल्या एका तुकड्याचे नसते. मग टेप निघतो, नाहीतर कासरा. चारी धुरे मोजायचे, समोरासमोरच्या धुऱ्यांची सरासरी काढायची आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा, ही सर्रास चालणारी रीत.

शेताचे चारी कोपरे काटकोनात असतील तर ही रीत बिनचूक आहे. शेत तिरपे असेल तर ती चुकते, आणि चुकते ती एकाच अंगाला. क्षेत्र जास्त भरते, कमी कधीच भरत नाही. गुत्ता देणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

आयत: साखळीचा गुणाकार

जुन्या मोजणीतली साखळी ३३ फुटांची होती आणि तिचे १६ आणे पाडलेले असत. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद जागा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. असे ४० गुंठे झाले की एकर, ४३,५६० चौरस फूट. मापे अशी बेतलेली असल्यामुळे भागाकाराची कटकट उरत नाही. शेत दहा साखळ्या लांब आणि आठ साखळ्या रुंद असेल तर त्यात ३३ फुटी चौरसांच्या आठ ओळी बसतात, प्रत्येक ओळीत दहा. ऐंशी चौरस म्हणजे ऐंशी गुंठे, दोन एकर. फुटांत मोजले तर ३३० गुणिले २६४, म्हणजे ८७,१२० चौरस फूट. १०८९ ने भागले की पुन्हा ८०.

आयताचे क्षेत्रफळ लांबी गुणिले रुंदी का, याचे कारण यापेक्षा वेगळे नाही. चौरस मोकळी जागा न ठेवता आणि एकमेकांवर न चढता बसतात, म्हणून नुसत्या गुणाकाराने मोजदाद होते. कोपरा काटकोनातून ढळला की चौरस धुऱ्याला नीट टेकत नाहीत. घोळ तिथून सुरू होतो.

तिरपे शेत: तास मोजून पाहा

रस्ता किंवा ओढा तिरपा गेला की त्याच्या कडेची शेतेही तिरपी होतात. समोरासमोरचे धुरे समांतर राहतात, पण कोपरे काटकोनात नसतात. हाच समांतरभुज चौकोन. समजा, खालचा आणि वरचा धुरा प्रत्येकी ३३० फूट आहे आणि दोन तिरपे धुरे प्रत्येकी २७५ फूट. सरासरीच्या रीतीने ३३० गुणिले २७५, म्हणजे ९०,७५० चौरस फूट. ८३ गुंठे आणि वर एक तृतीयांश.

आता पेरणीच्या अंगाने बघू. तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, खालच्या धुऱ्याला समांतर आहेत आणि दोन तासांत दीड फूट, म्हणजे अठरा इंच अंतर आहे. शेत कितीही तिरपे असो, प्रत्येक तासाची लांबी ३३० फूटच राहते. फक्त पुढचा तास मागच्यापेक्षा थोडा सरकून सुरू होतो. प्रश्न आहे तो तास किती बसतात याचा. दीड फुटाचे अंतर आपण तिरप्या धुऱ्यावर मोजत नाही, तासाला काटकोनात मोजतो. म्हणून तासांची संख्याही दोन धुऱ्यांमधल्या सरळ, लंब अंतरावरून ठरते. हे अंतर, म्हणजे चौकोनाची उंची, २६४ फूट असेल तर १७६ तास बसतील. शेत दोन एकरांचेच. सरासरीने वर दाखवलेले सव्वातीन गुंठ्यांहून थोडे जास्त क्षेत्र रानात नसतेच. एकरी तीस किलो बियाणे धरले तर अडीच किलो जादा आणले जाते. सोंगणीचे पैसे मात्र परत येत नाहीत.

तेच चार धुरे ठेवून शेत आणखी कलले, इतके की उंची १६५ फूट उरली, तर? धुरे अजूनही ३३०, २७५, ३३०, २७५. टेप घेऊन चारी बाजूंनी फिरणाऱ्याला काहीच फरक दिसणार नाही. तास मात्र ११० बसतात आणि रान ५० गुंठ्यांवर येते. सरासरी अजूनही ८३ च सांगते.

शाळेतले सूत्र, समांतरभुज चौकोनाचे क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंची, इथे लागू पडते. ते पटवायचे असेल तर कागदाचा असा चौकोन कापा. एका टोकाला लंब टाकून तिकडचा त्रिकोण कात्रीने वेगळा करा आणि दुसऱ्या टोकाला नेऊन लावा. आयत तयार होतो, पाया तोच, उंची तीच. गणिताच्या शिक्षकांना एवढेच सुचवावेसे वाटते की कात्रीनंतर मुलांना तासही मोजायला लावावेत. तासांवरून उंची का लागते ते कळते. कात्रीने फक्त ती चालते एवढे दिसते.

भास्कराचार्यांचा राग

हा घोळ फार जुना आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये समोरासमोरच्या बाजूंच्या अर्ध्या बेरजांचा गुणाकार सांगितला, पण त्याला स्थूल म्हटले. स्थूल म्हणजे ढोबळ. साखऱ्याच्या धुऱ्यावर चालते ती हीच रीत. फक्त तिच्यावरचा ‘स्थूल’ हा शेरा वाटेत गळून पडला.

भास्कराचार्यांनी इ.स. ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ लिहिली. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. चौकोनाच्या चारच बाजू सांगून क्षेत्रफळ विचारणाऱ्यावर ‘लीलावती’त ते चांगलेच भडकलेले दिसतात. कर्ण किंवा लंब यांपैकी एकही न देता असा प्रश्न करणारा पिशाच्च, आणि त्याला उत्तर देणारा त्याहून वरचढ, अशा अर्थाचे त्यांचे बोल आहेत. त्यांचे म्हणणे नेमके होते: चार बाजू ठरल्या तरी चौकोनाचा आकार ठरत नाही. चारी बाजू २५ असलेला चौकोन घ्या. कर्ण सारखे असले तर तो चौरस, क्षेत्रफळ ६२५. कर्ण ३० आणि ४० असले तर ६००. कर्ण १४ आणि ४८ असले तर ३३६.

उंची मोजायची कशी

पूर्वीच्या शंकू-साखळी मोजणीत साखळी सरळ ताणून तिच्यापासून काटकोनात अंतरे घेत. गवंडी काटकोनासाठी गुण्या वापरतो. रानात मात्र दोरी पुरते. तीन, चार आणि पाच हातांच्या बाजूंचा त्रिकोण दोरीने ताणला की तीन आणि चारच्या मधला कोन काटकोन होतो. तीनची बाजू धुऱ्यावर ठेवा, चारच्या बाजूच्या दिशेत टेप समोरच्या धुऱ्यापर्यंत न्या. आलेले अंतर म्हणजे उंची. छोट्या त्रिकोणातली थोडी चूक दूरवर मोठी होते, म्हणून तीस, चाळीस, पन्नास फुटांचा त्रिकोण घेतलेला बरा.

शेत फार कललेले असेल तर कोपऱ्यातून टाकलेला लंब समोरच्या धुऱ्यावर न पडता शेजाऱ्याच्या रानात जातो. बांधाचे वातावरण तापलेले असेल तर दुसरी वाट धरा: कर्ण मोजा. कर्णाने शेताचे दोन त्रिकोण होतात आणि तीनही बाजू माहीत असलेल्या त्रिकोणाचा आकार पक्का असतो. समोरासमोरचे धुरे समान नसतील, तरीही ही रीत चालते. दोन त्रिकोणांची क्षेत्रफळे वेगवेगळी काढून बेरीज करायची.

काटकोनाबद्दल शंका असेल तर समोरासमोरचे धुरे सारखे असलेल्या शेताचे दोन्ही कर्ण मोजावेत. सारखे भरले की शेत आयत आहे, उंची शोधायची गरज नाही. घराच्या पायाची आखणी करताना गवंडी कर्ण जुळवून बघतो तो याचसाठी.

मोजलेले आकडे सातबाऱ्याशी ताडताना आणखी एक ठेच लागते. तिथे हेक्टर आणि आर असतात. आर म्हणजे १०० चौरस मीटर, अंदाजे १०७६ चौरस फूट, गुंठ्याहून तेरा चौरस फूट लहान. बोलण्यात दोन्ही एकच धरले जातात. आपल्या दोन एकरांच्या शेतात गुंठे ८० आणि आर जवळपास ८१ होतात, तेव्हा हा एकाचा फरक पाहून शेजाऱ्याने धुरा कोरला असे समजू नये. हद्दीचा खरा वाद असेल तर दोरी-टेप बाजूला ठेवून तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा लागतो. घरची मोजणी गुत्त्यापुरती आणि बियाण्यापुरती.