दातांची तार आणि तिचे बळ

संत्र्याची फांदी फळांच्या भाराने वाकते व तोडणी झाली की पुन्हा वर येते. भार मर्यादेपलीकडे गेला तर मोडते. काटोलकरांना हे नव्याने सांगणे नको. वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या तारेचे शास्त्रही याच्याच जवळचे आहे. वाकवून बांधलेली तार मूळ आकाराकडे परतू पाहते. त्या हलक्या, सततच्या दाबाने दाताच्या एका बाजूचे हाड झिजते, दुसऱ्या बाजूस नवे भरते आणि दात सरकतो. दाब अवाजवी झाला, तर दाताचे मूळच झिजण्याचा धोका असतो.

त्याच धातूच्या गोल तारेची जाडी दुप्पट केली, की ताठपणा १६ पट होतो. न गंजणाऱ्या पोलादाची तार ताठ असते. १९६० च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी शोधलेल्या निकेल-टायटॅनियमची तार पुष्कळ वाकूनही परतते व हलकाच दाब देते. म्हणून बहुधा आरंभी ही, पुढे पोलादी.

आमचे कामकरी आईबाप मजुरी बुडवून मुलांना नागपूरला नेतात आणि म्हणतात, "डॉक्टरसाहेब, तार जरा जास्तच आवळा, फेऱ्या वाचतील." त्यांची अडचण खरी, पण हाड घाई जाणत नाही. फेऱ्या वाचवायच्या, तर तारेवर जोर नको. हा उपचार तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मिळावा, या मागणीवर आपण जोर देऊ.