‘आता वय झालं’ हे निदान नव्हे

वालूरच्या कुठल्याही ओसरीवर संध्याकाळी जरा टेका, ‘आता वय झालं’ हे कानावर येतंच. गुडघा दुखला, वय झालं. ऐकू कमी येतं, वय झालं. जेवणावरची वासना उडाली, तरी वय झालं. सेलू तालुक्यातलं हे गाव चक्राकार पायऱ्यांच्या जुन्या बारवेसाठी ओळखलं जातं. त्या पायऱ्या ‘आपल्याच्यानं आता उतरवत नाहीत’ असं कुणी म्हणालं, की पुढे कुणी काही विचारतच नाही. खरं तर विचारायला तिथूनच सुरुवात व्हायला हवी.

गैरसमज : मनात काय आहे, त्याचा शरीराशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो मोजून पाहिलेला आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका छोट्या गावात 1975 साली पन्नाशीपुढच्या लोकांना त्यांच्या म्हातारपणाबद्दल काय वाटतं, ते विचारलं होतं. येल विद्यापीठाच्या बेक्का लेव्ही आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या 660 जणांची पुढची तेवीस वर्षं तपासली. 2002 साली निष्कर्ष छापून आला : आपल्या वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेनं पाहणारे इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. वय, तब्येत, आर्थिक स्थिती, एकटेपणा हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरलाच.

चांगल्या विचारानं रोग बरा होतो, असा याचा अर्थ नाही. रक्तदाबाची गोळी घ्यावीच लागते. पण ‘आता काय उपयोग’ असं ज्याच्या मनात बसलं, तो गोळी चुकवतो, फिरायला जात नाही, डॉक्टरकडे उशिरा जातो. सततच्या धास्तीचा ताण शरीरावर पडतो तो वेगळाच. उमेद आयुष्य वाढवते ती बहुधा अशा साध्या रोजच्या वाटांनी.

गैरसमज : साठी बुद्धी नाठी

या म्हणीनं फार नुकसान केलं आहे. नाव आठवायला वेळ लागणं वयाचं असू शकतं. रोजच्या वाटेवरून घर न सापडणं हा आजार असू शकतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या शंभरांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे उरलेल्या नव्वदीहून अधिकांना नाही. शिवाय बी-12 ची कमतरता, थायरॉइड आणि नैराश्य यांमुळेही विसर पडतो, आणि त्यांवर उपचार आहेत. ‘साठी’ म्हणून सोडून दिलं, तर ते उपचार राहूनच जातात.

गैरसमज : म्हाताऱ्या माणसानं बसूनच राहावं

आजी पाण्याचा तांब्या घ्यायला दोन्ही तळवे जमिनीवर टेकवून उठू लागते. सून लगबगीनं येते, “आत्या, राहू द्या, मी देते.” माया खरी आहे. पण आजीच्या मांड्यांना दिवसभरात मिळणारा तो एक व्यायाम होता. 1990 साली बोस्टनमधल्या एका वृद्धालयात सरासरी नव्वद वर्षांच्या वृद्धांकडून आठ आठवडे वजनाचा व्यायाम करून घेतला. त्यांच्या पायांचं बळ सरासरी पावणेतीनपट झालं. नव्वदीत! पडायची भीती असेल तर आधाराला हात द्या, शक्य असेल तिथे उठू मात्र त्यांनाच द्या.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 साली सांगितलं, की जगात दर दोन माणसांमागे एकाच्या मनात वयाबद्दल आकस आहे. तो बाहेरच्यांचाच असतो असं नाही; घरातल्या मायेच्या शब्दांतूनही तो झिरपतो, आणि हळूहळू म्हाताऱ्या माणसालाही तो खरा वाटू लागतो.

म्हणून पुढच्या वेळी आई ‘वय झालं’ म्हणाली, की “कुठं दुखतंय? कधीपासून?” असं विचारा आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन जा. कुणाला विचारावं हे सुचलं नाही, तर ज्येष्ठांसाठीची सरकारी मदतवाहिनी आहे, क्रमांक 14567.