पावणेदोन हात माती, तेहतीस फूट साखळी

मलकापूर तालुक्यातल्या कुठल्याही वावराच्या धुऱ्यावर उभे राहून ‘जमीन किती?’ असे विचारा. सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहिलेले असले तरी उत्तर एकर-गुंठ्यातच येईल. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा, १,०८९ चौरस फुटांचा. असे ४० गुंठे घेतले की ४३,५६० चौरस फूट होतात, म्हणजे बरोब्बर एक एकर. एका फुटाचाही फरक नाही! १६२० च्या सुमारास एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने ६६ फुटांची मोजणीसाखळी बनवली. मुंबई इलाख्याच्या मोजणीत तिची निम्मी, ३३ फुटांची साखळी वापरली गेली आणि तिचे रुपयाप्रमाणे सोळा आणे पाडले गेले. ती मोजणीपद्धत १८६१ पासून वऱ्हाडात लागू झाली, आणि मलकापूरच्या नळगंगेकाठी ‘ही जमीन कोणाची?’ या प्रश्नाला पहिल्यांदा शेतागणिक, क्रमांकानिशी उत्तर मिळू लागले.

त्याआधी हे उत्तर सोपे नव्हते. मलकापूर जुने गाव. आईन-ए-अकबरीत ते नरनाळा सरकारातला, म्हणजे त्या काळच्या जिल्ह्यातला, परगणा म्हणून येते. १७६१ मध्ये रघुनाथरावांच्या फौजेने लूट करू नये म्हणून गावाने ६०,००० रुपये मोजले, एवढी इथली पेठ संपन्न होती. पण संपन्न पेठेवरून जाणारा रस्ता फौजांनाही सोयीचा असतो. १८०३ च्या सप्टेंबरात असईची लढाई झाली, नोव्हेंबरात अडगावची, आणि पाठोपाठ दुष्काळ आला. पुढे निजामाच्या अमलात वसुली इजाऱ्याने दिली जाऊ लागली. जो जास्त रक्कम बोलेल, त्याला परगणा. उद्या आपली जागा दुसरा कोणी घेईल हे ठाऊक असलेला इजारदार कुणब्याकडे आजच सगळे मागणार. मग कुणबी औत-बैल घेऊन रातोरात दुसऱ्या मुलखात जाई आणि मागे गावे ओस पडत. पाटलाचा मान, देशमुख-देशपांड्यांचे वतन, इजारदाराचा ताबा, सरकारचा हक्क असे एकाच काळ्या रानावर थरावर थर होते. नांगर धरणाऱ्याचा थर सगळ्यात खाली.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. त्यानंतर इथे जी मोजणी आली तिची कारागिरी मला आजही थक्क करते. शेताच्या पोटातून एक सरळ रेषा धरायची. त्या रेषेवर शंकू, म्हणजे काटकोन साधायचे साधन, उभा करून काटकोनात बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत साखळी टाकायची. वाकड्यातिकड्या वावराचे असे त्रिकोण आणि चौकोन झाले की क्षेत्र गुणाकाराने निघते. हातात साखळी, शंकू आणि कागद, बस्स. त्या कागदाला टिपण म्हणतात.

यापुढचे काम मातीचे. शेताचे कागदावर सारखे भाग पाडत आणि प्रत्येक भागात खणून खोली पाहत. उत्तम प्रतीची काळी पावणेदोन हात खोल लागली तर सोळा आणे. दीड हात लागली तर चौदा, सव्वा हात लागली तर बारा, हातभरच निघाली तर दहा. मग दोष शोधायचे. चुनखडीचे खडे आहेत का, रेतीची भेसळ आहे का, उतारावरून माती वाहून जाते का, पुराचे पाणी चढते का? प्रत्येक दोषाला एक खूण होती, आणि एका खुणेला एक प्रत खाली. सगळ्या भागांची सरासरी काढली की त्या वावराची आण्यांतली किंमत ठरली. पावणेदोन हातांच्या खाली माती कितीही असो, मोजणाऱ्याला तिच्याशी कर्तव्य नव्हते. पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचे थर शेकडो फूट खोल जातात हे लक्षात घेतले, म्हणजे त्या माणसांनी अथांग मातीतला पिकाच्या कामाचा तेवढा थर किती नेमका उचलला ते कळते.

आणि सारा ठरवताना नुसती माती पाहत नव्हते. हवामान, शेतीची रीत आणि बाजाराचे अंतर यांवरून गावांचे गट पाडत आणि प्रत्येक गटाला सर्वांत वरचा दर बांधून देत. म्हणजे दोन वावरांची माती सारखीच सोळा आण्यांची असली, तरी बाजाराजवळच्या वावराला सारा जास्त. रस्ता असा थेट शेताच्या हिशोबात शिरला होता.

रस्ताही त्याच १८६० च्या दशकात पालटत होता. त्याआधी, १८२५-२६ मध्ये, विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी वऱ्हाडचा कापूस मुंबईला धाडला तो सुमारे ५०० बैलांच्या पाठीवर लादून. असा माल महिनोन्‌महिने वाटेत असे, आणि ती वाट बंजाऱ्यांच्या तांड्यांची होती. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिकडचा कापूस अडला आणि इकडचा भाव चढला. त्याच काळात भुसावळहून निघालेला लोहमार्ग मलकापुरावरून पूर्वेला सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोचला. १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांनी खामगावचा फाटा खुला केला. खानदेशातून येणाऱ्याला वऱ्हाडचे दार मलकापूर, आणि मोताळ्यावरून राजूर घाट चढून बुलढाण्याला जाणाऱ्याला उतरायचे ठिकाणही मलकापूर.

माणसे येत राहिली. पडीक सर्व्हे नंबर सरकारकडून कबुलायतीवर घ्यायचा, ठरलेला सारा भरायचा, नको झाला तर राजीनामा देऊन सोडायचा. बांधलेला सारा तीस वर्षे बदलत नसे. सारा भरत राहील तोवर जमीन खातेदाराची, तिला वारस, ती विकताही येई. खानदेशाकडून आलेली लेवा पाटील घराणी तालुक्यात आजही आहेत. मारवाडी व्यापारीही याच वाटेने आले. १८६७ च्या पहिल्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या २२ लाख ३१ हजार होती. १८८१ मध्ये ती २६ लाख ७२ हजार झाली. ही वाढ केवळ स्थलांतराची नव्हे, पण मुलूख पुन्हा भरत होता.

यात एक काटा होता आणि तो खोल रुतला. विकता येणारी जमीन गहाणही पडते. पूर्वी कुणब्याकडे सावकाराने घ्यावे असे पीक आणि बैल होते. आता वावरच होते. याच मोजणीपद्धतीखाली पुणे-नगरकडे १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले. वऱ्हाडातही खातेदाराचे नाव कागदावरून उतरून सावकाराचे चढत गेले, आणि नांगरणारा आपल्याच बापाच्या रानात बटईदार झाला. विदर्भासाठी स्वतंत्र कूळकायदा आला तो १९५८ मध्ये. ज्यांच्या नावावर कधी एक गुंठाही चढला नाही, त्या शेतमजुरांना आणि बायकांना तर या सगळ्या सुबक आणेवारीत रकानाच नव्हता. निंदण-वेचणीचे बहुतेक काम त्या बायकांच्या हातचे, हे विसरून मला या मोजणीचे कौतुक करवत नाही.

आज मोजणीला रोव्हर येतो आणि उपग्रहावरून बिंदू धरतो. तरीही दोन शेजाऱ्यांचा धुऱ्यावरून वाद झाला की भूमी अभिलेख कार्यालयात जुने टिपण काढले जाते आणि नवे बिंदू त्या साखळी-आण्यांच्या आकड्यांशी ताडून पाहतात. आपल्या वावराच्या टिपणाची नक्कल तालुक्याच्या कार्यालयात अर्ज करून मिळते. ती घ्या आणि तो कागद घेऊन एकदा धुऱ्यावरून चाला. दीडशे वर्षांपूर्वी मोजणीदाराने टिपलेले वळण अजून जागेवर आहे की शेजाऱ्याच्या नांगराने ते हळूहळू सरळ केले आहे, हे तिथेच दिसेल.