आधी स्लॅब, मग मंजुरी

१८ नोव्हेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने आपलाच सहा महिन्यांपूर्वीचा निकाल मागे घेतला आणि दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आमच्या पर्यावरण सल्लागार धंदेबंधूंचे चेहरे खुलले. मला मात्र ते झोंबलं. आधी बांधायचं आणि मागाहून पर्यावरण मंजुरी मागायची हे चालणार नाही, असं न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयां यांनी मुंबईच्या ‘वनशक्ती’च्या याचिकेवर १६ मे रोजी बजावलं होतं. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने तो निकाल दोनास एक अशा मतांनी परत घेतला. विरोधातलं मत अर्थातच भुयांचं. ठाण्याच्या ओकांनी दार लावलं, अमरावतीच्या गवईंनी उघडलं. दिल्लीतल्या मराठी माणसाने यातल्या कोणत्या गोष्टीचा अभिमान धरायचा तेवढं कुणीतरी सांगावं. मंजुरीआधीच उभ्या राहिलेल्या भुवनेश्वरच्या एम्ससारख्या इमारती काय पाडायच्या, हा प्रश्न खोटा नव्हता. पण एम्सच्या आडून किती टॉवर निसटतील, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास करून देणं हा आमचा धंदा. २७ जानेवारी १९९४च्या अधिसूचनेने तो जन्माला घातला. पहिल्या बारा वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कंपनीला कागद हवा असायचा, आम्ही कागद द्यायचो.

खरी मजा १४ सप्टेंबर २००६च्या नव्या अधिसूचनेनंतरच्या दशकात आली. प्रकल्पांची अ आणि ब अशी वर्गवारी झाली, अभ्यासाची कार्यकक्षा आधी ठरवून घ्यायची पद्धत आली, जनसुनावणीला वजन आलं. २००९च्या अखेरीस केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने सल्लागारांना ‘नॅबेट’ या मानांकन मंडळाची मान्यता सक्तीची केली आणि रातोरात उगवलेल्या कित्येक कंपन्यांची गाळण उडाली. ते आवश्यकच होतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात त्याआधी रशियातल्या खाणीच्या अहवालातले उतारे जसेच्या तसे सापडले होते. कोकणात स्प्रूस आणि बर्चची जंगलं! तो किस्सा सांगून आम्ही दुपारच्या चहाला हसायचो, पण हसता हसता आपापल्या अहवालातली झाडांची यादीही गुपचूप तपासायचो.

बाहेरच्यांना वाटतं, हे काम एसीत बसून होतं. आमचा अभ्यास प्रकल्पाभोवतीच्या दहा किलोमीटरांचा. हवा मोजायचं यंत्र शाळेच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या गच्चीवर ठेवायचं. वजन करून आणलेला पांढरा फिल्टर पेपर त्यात लावायचा, चोवीस तास यंत्र चालू ठेवायचं, कागद काढून पुन्हा वजन करायचं. मधे वीज गेली की जनरेटर, जनरेटरला डिझेल, आणि डिझेल चोरीला जाऊ नये म्हणून रात्री गच्चीवर झोपायला एक पोरगा. करडा पडलेला तो कागद चिमट्याने उचलताना हात जपून चालतो. कोपरा जरी फाटला तरी आख्खा दिवस वाया. सुनावणीच्या मांडवात सिंधुदुर्गातल्या एका आजोबांनी आमचा नकाशा उलटासुलटा करून विचारलं होतं, “आमचो व्हाळ खंय आसा?” पुढच्या मसुद्यात व्हाळ, म्हणजे त्यांचा ओढा, आला. सुनावणी आधी असते ती यासाठीच.

त्याच वर्षांत इथून हाकेच्या अंतरावर, दिल्ली उच्च न्यायालयात, गोव्याच्या ‘उत्कर्ष मंडळ’चा खटला गाजला. मूळचे सोलापूरचे मुख्य न्यायमूर्ती अजित शहा आणि न्या. मुरलीधर यांनी नोव्हेंबर २००९मध्ये मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीचे कान उपटले: लोकांच्या हरकतींवर विचार झाल्याचं कारणांसकट दिसलं पाहिजे. खाणींवरच्या या समितीचे अध्यक्ष स्वतः खाण कंपन्यांचे संचालक होते, हेही तेव्हाच चव्हाट्यावर आलं. वर्षभरात तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी लवासाला विनामंजुरी बांधकामाबद्दल नोटीस काढली. मंत्री इतका तापट असला की सल्लागाराचा भाव वाढतो, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित. लवासाच्या पहिल्या टप्प्याला २०११मध्ये मंजुरी मिळालीच, तेव्हा आमच्यातले एक अनुभवी गृहस्थ म्हणाले होते, आता सगळे याच वाटेने येणार. मी त्यांना निराशावादी म्हणायचो.

एका सिमेंटवाल्या साहेबांचा हिशेब मात्र चुकता करायचा राहिलाय. अहवालातल्या पक्ष्यांच्या यादीत मोर आला की तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला. म्हणजे संवर्धन आराखडा करा, त्यासाठी पैसे बाजूला काढा. साहेब म्हणाले, “मोर काढा हो, तो काय रोज येतो?” मी नाही म्हणालो. काम शेजारच्या इमारतीत गेलं. तिथून निघालेल्या अहवालात त्याच रानात चिमण्या, कावळे आणि साळुंक्या होत्या. रोग तोच जुना: आमची फी प्रकल्पवालाच देतो. सरकारने निधी जमवावा आणि सल्लागार त्यातून नेमावा, हे सांगून सांगून लोकांच्या जिभा झिजल्या.

२०१४ला मंत्रालय जोरबागेत नव्या, स्वतःची वीज स्वतः करणाऱ्या इमारतीत गेलं. आमच्या रस्त्यावर आदल्याच वर्षी नवं महाराष्ट्र सदन उघडलं होतं, त्यामुळे मुंबईचे पक्षकार मुक्कामाला जवळ आले. मग मार्च २०१७ची अधिसूचना निघाली: नियम मोडलेल्यांसाठी सहा महिन्यांची, एकदाच म्हणून दिलेली सवलत. २०१८ला मंजुरीच्या अर्जांसाठी परिवेश पोर्टल आलं, २०२०च्या नव्या अधिसूचनेच्या मसुद्यावर लाखो हरकती गेल्या, आणि ‘एकदाच’चं २०२१मध्ये कायमस्वरूपी कार्यपद्धतीत रूपांतर झालं. २०२५च्या मे महिन्यात न्यायालयाने रद्द केलं होतं ते हेच.

पर्यावरणशास्त्रात एमएस्सी केलेली मुलं अजूनही भेटायला येतात. या धंद्यात यावं का, विचारतात. मी त्यांना टेलिफोनशेजारी बसवतो. पूर्वी पक्षकार विचारायचा, जागा कशी आहे. आता सांगतो, अमुक स्लॅब पडलेत, दंड काढून द्या. तो हिशेब आमचा ज्युनिअरही तोंडी सांगतो: अर्जाच्या तारखेपर्यंत झालेल्या खर्चाचा १ टक्का, उत्पादन सुरू असेल तर त्यावर उलाढालीचा पाव टक्का, आणि स्वतःहून कबूल केलंत तर निम्मा. परवा एका बिल्डरने हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, खर्च जीएसटी धरून मोजायचा की सोडून?