मागच्या सीटवर मऊ गादी नको, मांडीला आधार हवा

गाडीत मागे बसणाऱ्यांची कंबर धरते, म्हणून बहुतेक जण सीटवर जाड, मऊ गादी टाकतात. पण दुखण्याचं मूळ बहुतेकदा बैठकीच्या ठेवणीत असतं. छोट्या गाड्यांत मागची सीट पायाखालच्या जागेच्या मानाने बरेचदा खाली असते. त्यामुळे गुडघे वर येतात, मांड्या अधांतरी राहतात आणि सगळा भार बुडाच्या दोन हाडांवर पडतो. कंबरेचा नैसर्गिक बाकही सपाट होतो. मऊ गादी थोड्याच वेळात दबते आणि दुखणं तसंच राहतं. त्यापेक्षा सीटच्या पुढच्या भागात, कव्हरच्या आत, घट्ट फोमची मागे उतरती पाचर बसवून घ्यावी. दोन-तीन सेंटिमीटरनेही फरक पडतो.

उंच माणसाचं डोकं छताला लागेल, ही शंका इथे टिकत नाही. पाचर फक्त मांडी उचलते, बूड जागेवरच राहतं. बुटक्यांचे पाय लोंबकळतील, हा आक्षेप मात्र खरा आहे. अशांसाठी पाचर नकोच. सुट्या गादीचा धोका याहून गंभीर आहे: धडकेत ती दबते किंवा सरकते आणि पट्टा कमरेच्या हाडावरून पोटावर चढतो. मागेही पट्टा लावणं कायद्याने सक्तीचं आहे, तेव्हा फोम बसवताना त्याचं बक्कल मोकळं ठेवायला कारागिराला आवर्जून सांगा.