चौदापट पाणी

च्यवनप्राशाची जाहिरात टीव्हीवर येते, पेजेची कधीच येत नाही. मूठभर तांदूळ आणि तांब्याभर पाण्यात कोणाला काय मिळणार? चरकसंहितेत मात्र सूत्रस्थानाच्या दुसऱ्याच अध्यायात, वमन-विरेचनाची, म्हणजे ओकारी आणि जुलाबाची, द्रव्यं सांगून होताहोताच, एकामागून एक २८ यवागू येतात. यवागू म्हणजे औषधी द्रव्यं घालून शिजवलेली पेज. भूक मेली असेल, पोट दुखत असेल तर पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक आणि सुंठ घालून केलेली. अन्न पचत नसेल, मळ पातळ होत असेल तर कवठ, बेल, आंबुशी, ताक आणि डाळिंब यांची. यादी वाचताना आपण औषधालयात आहोत की स्वयंपाकघरात, असा प्रश्न पडतो. आयुर्वेदाचा सर्वांत काटेकोर आणि सर्वांत दुर्लक्षित भाग इथेच आहे.

काटेकोर, कारण पेजेलाही मापं आहेत. वैद्यक परिभाषेत तांदळाच्या चौदापट पाण्यात शिजवून, शितं बाजूला काढून उरतो तो मंड, आपल्याकडची निवळ. सहापट पाण्याची यवागू. चौपट पाण्याची विलेपी, म्हणजे जवळपास आपला गुरगुट्या भात. गंमत अशी की भाताला पाणी पाचपट, विलेपीहून जास्त. याचा उलगडा चरकातच होतो: धुतलेला, वेळलेला आणि गरम भात तो हलका मानतो. जास्तीचं पाणी वेळून टाकायचं असल्यामुळे भाताला ते मुळातच अधिक लागे. कुकरच्या जमान्यात भात वेळणं ही क्रियाच घरातून गेली.

वमन किंवा विरेचन झालेल्या माणसाला काय खायला द्यायचं, याचा क्रमही ठरलेला आहे. त्याला संसर्जनक्रम म्हणतात. आधी पेया, म्हणजे पातळ पेज, मग विलेपी, मग मुगासारख्या कडधान्याचं कढण, आधी मीठ-फोडणीविना आणि नंतर संस्कार करून, शेवटी मांसरस. शुद्धी उत्तम झाली असेल तर प्रत्येक पायरीला तीन जेवणं, मध्यम असेल तर दोन, बेताची असेल तर एक. पूर्ण क्रमाला सात दिवस लागतात. विझत आलेला विस्तव आधी गवताने, मग गोवरीने हळूहळू पेटवावा तसा जठराग्नी वाढवावा, असा चरकाचा दृष्टान्त आहे. पेज सर्वांनाच द्यावी असंही तो म्हणत नाही. तापात तो एरवी यवागू देतो, पण ताप मद्याने आलेला असेल, उन्हाळा असेल किंवा तोंडा-नाकातून रक्त जात असेल तर ती वर्ज्य. तिथे लाह्यांचं पीठ पाण्यात कालवून द्यायचं.

कोकणात आणि गोव्यात मात्र पेज आजाऱ्याची नाही, कष्टकऱ्याची. शेतावरून परतलेल्या माणसाला अकराच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणचं किंवा भाजलेला सुका बांगडा. यातल्या 'उकड्या' तांदळाने वैद्यकाच्या इतिहासात मोठी साक्ष दिली आहे. क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात १९०५-०६ मध्ये विल्यम फ्लेचर या ब्रिटिश डॉक्टरने रुग्णांचे दोन गट केले. एकाला सडीक पांढरा तांदूळ दिला, दुसऱ्याला भारतातून येणारा उकडा. पहिल्या गटात बेरीबेरीने कितीतरी जण आजारी पडले, काही दगावले. दुसरा गट जवळजवळ सुखरूप राहिला. भात उकडताना कोंड्यातलं, बेरीबेरी टाळणारं ब१ जीवनसत्त्व दाण्यात मुरतं, हे नंतर कळलं. वेळलेल्या पाण्यातून काही जीवनसत्त्व वाहून जातं. पेज पिणारा ते पाणीही पितो.

विसाव्या शतकात पेजेची खरी परीक्षा पटकीच्या साथीत झाली. कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पटकीच्या रुग्णांना तोंडाने मीठ-ग्लुकोजचं पाणी दिल्याचे अनुभव छापले. त्यांच्या उपचारात पानओव्याच्या पानांचा रसही होता, हे आज फार कोणाला आठवत नाही. ढाक्यात १९६८ मध्ये नलिन आणि कॅश या संशोधकांनी हाच उपाय शास्त्रीय कसोटीवर उतरवला. १९७१च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित शिबिरात सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर भर दिला. ३० टक्क्यांच्या घरातला मृत्युदर त्यांच्या रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आला.

पुढचं पाऊल तांदळाचं होतं. साखर जास्त घातली तर ती आतड्यात उलट पाणी ओढते. तांदळाचा स्टार्च आतड्यात हळूहळू ग्लुकोजमध्ये मोडतो, त्यामुळे पाणी न ओढता जास्त ग्लुकोज मिळतं आणि त्याच्याबरोबर मीठ-पाणी शोषलं जातं. ढाक्यात १९८०च्या दशकात तांदळाच्या पिठाचं क्षारपेय वापरून पाहिलं, तेव्हा पटकीच्या रुग्णांचे जुलाब नेहमीच्या पेयापेक्षा कमी झाले.

अष्टांगहृदयात तापाच्या रुग्णाला लाह्यांची पेया सुंठ, धणे, पिंपळी आणि सैंधव घालून द्यायला सांगितली आहे. तांदूळ, पाणी, मीठ: योग तोच. यावरून प्राचीनांना सोडियमचं शोषण ठाऊक होतं असं व्याख्यानांत ठोकून देणारे भेटतात. ते निरर्थक आहे. पेजेत मीठ आपल्या चवीने पडतं, क्षारपेयात मापाने. जुलाब झालेल्या बाळाला घरच्या पेजेवर सोडून देणं धोक्याचंच.

काही ठिकाणी जुना सल्ला सरळ बाजूला ठेवावा लागतो. नव्या तापात आणि कच्च्या मळाच्या अतिसारात ग्रंथ आधी लंघन सांगतात. आजचं बालरोगशास्त्र नेमकं उलट सांगतं: जुलाबात आईचं दूध आणि खाणं थांबवू नका, उपाशी मूल आणखी खंगतं. दुसरीकडे, अतिकुपोषित मुलाला एकदम भरपूर अन्न दिलं तर रक्तातले फॉस्फरस, पोटॅशियम कोसळून हृदय थांबू शकतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आधी १०० मिलिलिटरला ७५ उष्मांकांचं, मग १०० उष्मांकांचं दूध देते. पायऱ्यापायऱ्यांनी अन्न वाढवण्याची कल्पना इथे खरी उतरते.

पंचकर्माच्या आजच्या व्यवसायात मात्र हीच पायरी कापली जाते. विरेचनाआधी तीन ते सात दिवस स्नेहपान, म्हणजे औषधी तूप पिणं, मग तीन दिवस विश्रांती, एक दिवस विरेचन, नंतर संसर्जन. शास्त्राप्रमाणे मोजलं तर किमान नऊ-दहा दिवस, पूर्ण क्रम धरला तर अठरा. समुद्रकिनाऱ्यावरच्या सात दिवसांच्या पॅकेजमध्ये तेलाचा अभ्यंग बसतो, शिरोधारा बसते. जुलाबाच्या औषधानंतरची पेज पाहुण्याने आपल्या घरी जाऊन करायची असते, तीही कोणी सांगितली असेल तर.