आधी कपाटाची ओळख, मग पॉलिश

फ्रीज घरोघरी येण्याआधी दूध, लोणी, उरलंसुरलं सगळं जाळीच्या कपाटात ठेवलं जायचं. हवा खेळावी म्हणून दारांना जाळी असायची आणि मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या. धान्यामसाल्याच्या डब्यांसाठी असंच एक कपाट मी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलं. मी दारांवरचं पॉलिश निरखत होते, तेवढ्यात सुतारमिस्त्रींनी कपाट आडवं केलं आणि पायाच्या तळाला पेचकस टोचला. तो अर्धा इंच सहज आत गेला.

"ताई, पाण्यात उभं राहून पाय कुजलेत. पॉलिशचं नंतर बघू."

जुनं कपाट घरात आलं की आपण पहिला प्रश्न विचारतो तो 'याला काय लावू?' खरं तर 'हे आहे काय?' हे आधी विचारायला हवं. बहुतेक गैरसमज हा क्रम उलटा झाल्यामुळेच होतात.

गैरसमज : जुनं कपाट म्हणजे अस्सल सागवान, त्याला वाळवी लागतच नाही.

वस्तुस्थिती : रंगावरून लाकूड ओळखू नका, कारण रंग चढवता येतो. दर्शनी भाग सागाचा आणि पाठ, फळ्या हलक्या लाकडाच्या, असंही पुष्कळदा असतं. खणाची मागची बाजू, फळीचा खालचा भाग अशा पॉलिश न पोचलेल्या जागा बघा. फळीच्या कडेला एकावर एक पातळ थर दिसले, तर ते प्लायवुड आहे. ताज्या घासलेल्या सागाला चामड्यासारखा वास येतो आणि हाताला किंचित तेलकटपणा जाणवतो. वाळवीला दाद देत नाही तो सागाचा गाभा. सालीलगतचं फिकट लाकूड सागाचं असलं तरी पोखरलं जातं.

गैरसमज : जुनं पॉलिश पूर्ण खरवडल्याशिवाय नवं बसत नाही.

वस्तुस्थिती : हे जुनं पॉलिश कशाचं आहे त्यावर ठरतं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून आतल्या कोपऱ्यात मिनिटभर टेकवा. पृष्ठभाग चिकट झाला आणि बोळा तपकिरी झाला, तर ते चपडीचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने विरघळलं, तर बहुधा लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही, तर ऑइल पेंट, मेलामाइन किंवा पीयू असण्याची शक्यता जास्त.

आमच्या कपाटावर चपडी निघाली आणि अर्धं काम वाचलं. चपडीचा नवा थर जुन्या थराला थोडं विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो. त्यामुळे तेलकटपणा आणि मेण पुसून, बारीक काचपेपर फिरवून वर नवे थर देता येतात. मलमलीच्या कापडात कापूस भरून पुरचुंडी करायची, ती पॉलिशमध्ये बुडवून पिळायची आणि रेषांच्या दिशेने न थांबता फिरवायची. हात मध्येच थांबला, तर तिथे डाग राहतो. काम खिडक्या उघड्या ठेवून, गॅसपासून लांब करा.

गैरसमज : जितकं जास्त घासू, तितकं चांगलं.

वस्तुस्थिती : काचपेपरचा आकडा जितका मोठा, तितका तो बारीक. १२० ने सुरुवात, मग १८० आणि शेवटी २२० इतकं साधारण पुरतं. वर विनियर असेल तर मशीन लावूच नका, कारण तो थर अनेकदा एक मिलिमीटरही जाड नसतो. एकदा खालचं प्लाय उघडं पडलं की ते झाकता येत नाही.

जुना ऑइल पेंट कोरडा घासणं तर धोक्याचं आहे, कारण त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची धूळ मुलांच्या पोटात जाता कामा नये. रंग ओला करून घासा, मास्क लावा आणि मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

गैरसमज : भोकं दिसली म्हणजे वाळवी, आणि त्यावर उपाय रॉकेल.

वस्तुस्थिती : वाळवी बहुधा मातीच्या नळ्या बांधत येते आणि लाकूड आतून पोकळ करते. बारीक गोल भोकं आणि खाली मैद्यासारखी भुकटी दिसली, तर ते काम लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचं. भोकं जुनी असू शकतात, भुंगेरा कधीच निघून गेलेला असू शकतो. म्हणून भुकटी ब्रशने झाडून घ्या आणि खाली काळा कागद पसरून दोन-तीन आठवडे वाट बघा. कागदावर नवी भुकटी पडली, तर आत अळी जिवंत आहे.

रॉकेल काही काळाने उडून जातं आणि टिकाऊ संरक्षण देत नाही. मागे उरतात वास, आगीची भीती आणि पॉलिश न धरणारं तेलकट लाकूड. उघड्या, कोरड्या लाकडावर बोरॅक्स-बोरिकचं द्रावण उपयोगी पडतं, कारण ते लाकडात मुरून राहतं. फार पोखरलेला भाग मात्र बदलावाच लागतो. पॉलिशचा थर नव्या भुंगेऱ्याला अंडी घालू देत नाही, पण आत असलेल्या अळीला तो थांबवत नाही.

गैरसमज : पॉलिश झालं की पावसाळ्यात दार फुगत नाही.

वस्तुस्थिती : पॉलिशमुळे ओलावा आत शिरण्याचा वेग कमी होतो, पण तो पूर्ण थांबत नाही. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. जुलैत अडकणारं दार तेव्हाच रंधून घेतलं, तर उन्हाळ्यात फट दिसते. पॉलिश दोन्ही बाजूंना आणि कडांनाही द्या. एकच बाजू बंद केली, तर फळी वाकू शकते.

चपडीचं काम पावसाळ्यात नकोच. स्पिरिट भराभर उडतं, पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर धरून पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतरची कोरडी हवा यासाठी उत्तम.

गैरसमज : हाताला चिकटत नाही म्हणजे वाळलं.

वस्तुस्थिती : ऑइल पेंट रात्रीत हाताला कोरडा लागतो, पण पुरता पक्का व्हायला काही आठवडे लागतात. तोवर दारं उघडी ठेवा, नाहीतर तांदूळ आणि चहापत्ती तो वास धरतात. डब्यांच्या खणांना आतून चपडी मला सगळ्यांत योग्य वाटते, कारण औषधाच्या गोळ्यांवर आणि मिठायांवर चकाकीसाठी शुद्ध केलेली लाखच वापरतात. फक्त तिला गरम भांडं आणि सोड्याचं पाणी सोसत नाही, त्यामुळे ओल्या फडक्याने हलकेच पुसा. वरच्या फळीवर पीयू हवा असेल, तर लक्षात घ्या, मेण न काढलेल्या चपडीवर तो नीट धरत नाही.

जवसाचं तेल वापरलंत, तर तेलकट चिंध्यांचा बोळा करून टाकू नका. तेल सुकताना उष्णता निघते आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. त्या मोकळ्या हवेत, एकेक पसरून वाळवा.

आमच्या कपाटाचे कुजलेले पाय मिस्त्रींनी दोन इंच कापले आणि खाली सागाचे नवे तुकडे जोडले. आता ते ग्रॅनाइटच्या चार तुकड्यांवर उभं आहे. पाण्याच्या वाट्या नाहीत, मुंग्यांसाठी घट्ट झाकणाचे डबे आहेत. पॉलिशला दोन दिवस लागले. त्याआधी काळ्या कागदावर भुकटी पडते का हे बघण्यात आणि पाय जोडण्यात तीन आठवडे गेले. कपाट आज डगमगत नाही, ते त्या तीन आठवड्यांमुळे.